परत आलेला माल

कापडाच्या बहुतेक दुकानांतून गादीमागच्या भिंतीवर दोन मजकूर टांगलेले आढळतात. पहिला ग्राहकाची महती गाणारा असून त्याखाली महात्मा गांधींचे नाव छापलेले असते. दुसरा आखूड व ठळक अक्षरांतला असतो आणि बिलाच्या पायथ्याशीही तो पुन्हा छापलेला असतो : ‘एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही.’ पहिल्या मजकुराविषयी जाता जाता एवढेच सांगावयाचे की, गांधीजींच्या लिखाणात त्याला आधार सापडत नाही. त्याच आशयाचे लिखाण १९४० च्या दशकात अमेरिकेतील व्यापारी नियतकालिकांतून येत होते व पुढे केव्हातरी त्यास गांधीजींचे नाव जोडले गेले. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरा मजकूर हा आहे. गिऱ्हाईक दोन्ही पाट्या वाचते, परंतु दुकानाची पारख ते या दुसरीवरून करते.

प्रथम व्यापारी बंधूंची बाजू मांडणे न्यायाचे होईल. ठाणातून कातरलेले अडीच मीटर कापड पुन्हा ठाणास जोडता येत नाही. घाऊक व्यापारी महिना उलटल्यावर माल परत घेण्यास सहसा राजी नसतो. लग्नाच्या पंगतीत मिरवून आलेला शालू, अत्तराचा वास व हळदीचा डाग यांसह, ‘घरच्यांना पसंत पडला नाही’ म्हणून गादीवर आणून ठेवणारी मंडळीही आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. असे दोन-चार प्रसंग घडले म्हणजे ती पाटी भिंतीवर चढते. लबाड गिऱ्हाइकाचा बंदोबस्त व्हावा हा तिचा हेतू असतो. पण लबाड माणूस पाटी वाचून कधी थांबत नाही. तो गादीसमोर उभा राहून चार माणसांदेखत आवाज चढवितो आणि बहुधा आपले काम साधून घेतो. पाटी वाचून मुकाट्याने परत फिरते ते भिडस्त, प्रामाणिक गिऱ्हाईक. आणि ते पुढे आपल्या दुकानाची पायरी चढत नाही. त्याची तक्रार आपल्या कानांवर येत नाही, म्हणून ती नव्हतीच असे आपण समजतो.

घरबसल्या माल पोहोचविणाऱ्या मोठ्या कंपन्यांविषयी आपल्या सभांतून पुष्कळ बोलले जाते आणि त्यांची स्वस्ताई हेच आपल्या धंद्यावरील संकट असे सर्वत्र गृहीत धरले जाते. स्वस्ताई आहे, हे खरे. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ज्या कापडास गिऱ्हाइकाने हात लावलेला नाही, ज्याचा रंग केवळ चित्रात पाहिला आहे, जो विकणारा कोठला कोण हेही त्यास ठाऊक नाही, त्या मालाचे पैसे ते निःशंकपणे मोजते. याचे मोठे कारण हे की, पसंत न पडल्यास किंवा सदोष निघाल्यास माल परत जाईल याची त्यास खात्री दिलेली असते. उलट ज्या दुकानात त्याच्या आजीने खण घेतले, ज्या मालकास ते नावाने ओळखते, तेथे मात्र माल हातात घेण्याआधीच परतीचे दार बंद असल्याचे त्यास पाटीवर वाचावयास मिळते. वास्तविक या एका बाबतीत लहान दुकानदाराची जागा अधिक बळकट आहे. दूरच्या विक्रेत्याकडे माल परत पाठवावयाचा तर पुन्हा बांधाबांध करावी लागते, नेणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागते आणि पैशांसाठी दिवस मोजावे लागतात. आपल्या दुकानात तोच निकाल दहा मिनिटांत लागू शकतो.

यात खोट किती, याचा हिशेब व्यापाऱ्यास सांगावा लागू नये, तरी तो एकदा मांडून पाहू. समजा, एक कुटुंब आपल्याकडे वर्षाकाठी १२,००० रुपयांचे कापड घेते. सरासरी १५ टक्के नफा धरला तर त्या कुटुंबापासून वर्षाला १,८०० रुपये पदरात पडतात. त्यांनी नेलेल्या १,२०० रुपयांच्या साडीचा रंग सुटला व ती परत आली. तिची खरेदी १,००० रुपयांची. घाऊक व्यापाऱ्याने ती परत घेतली तर आपले नुकसान पत्रव्यवहारापुरतेच. न घेतली व खराबीत ६०० रुपयांस काढावी लागली तर ४०० रुपयांची तूट. ही तूट एकदाच येते. ते कुटुंब दुसऱ्या दुकानी गेले तर १,८०० रुपये दर वर्षी जातात. त्यांच्या लेकीचे लग्न ठरेल त्या वर्षी किती जातील हे वाचकांनीच ठरवावे. आकडे प्रत्येकाने आपल्या वहीतील घालावेत. निष्कर्ष फारसा बदलणार नाही असे मला वाटते.

आता कायद्याकडे वळू, कारण या पाटीसंबंधी आपल्यात पुष्कळ गैरसमज आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच्या कलम २ मधील ४७ व्या उपकलमात अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते सांगितले आहे. सदोष माल परत घेण्यास व त्याचे पैसे परत देण्यास नकार देणे ही त्यांपैकी एक होय. यासाठी बिलावर जी मुदत नमूद असेल ती लागू होते. काहीच नमूद नसेल तर ३० दिवस धरले जातात. विहित रीतीने बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच गणली आहे. म्हणजे सदोष मालापुरते पाहिले तर ती पाटी दुकानदाराचे रक्षण मुळीच करीत नाही. तक्रार आयोगापुढे गेलीच तर तीच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखविली जाईल.

आपल्या सीमाभागातील व्यापाऱ्यांनी या कायद्यातील आणखी एक तरतूद विशेष ध्यानात ठेवावी. बेळगावच्या बाजारात खानापूर तालुक्यातील गावांतून, कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडाकडून आणि चोर्ला घाट चढून गोव्याहून गिऱ्हाईक येते. पूर्वी, माल येथे विकला म्हणजे तंटाही येथेच चालेल, असे दुकानदार समजत असे. कलम ३४ अन्वये ग्राहकास आता आपण जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगापुढेही तक्रार दाखल करता येते. चंदगडच्या माणसाने तक्रार केली तर बेळगावच्या दुकानदारास कोल्हापुरास जावे लागेल, गोव्याच्या माणसाने केली तर गोव्यास. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क पडत नाही, मुदत २ वर्षांची असते आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे. हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. १,२०० रुपयांच्या साडीपायी एक दिवसाचे दुकान बंद ठेवून परगावी जाणे परवडते काय, एवढाच प्रश्न आहे.

मग येईल तो माल डोळे झाकून परत घ्यावा काय? मुळीच नाही. परत येणाऱ्या मालाचे तीन निरनिराळे प्रकार आहेत आणि तिन्हींना एकच पाटी लावल्यामुळेच सारा घोटाळा झालेला आहे. विणीत तार तुटलेली, पहिल्याच धुण्यात रंग सुटलेला, लांबी सांगितल्यापेक्षा कमी भरलेली, जर काळी पडलेली, हा सदोष माल होय. तेथे पैसे परत देणे हे आपले कर्तव्य आहे. गिऱ्हाईक राजीखुशीने दुसरा माल घेत असेल तर उत्तम, पण ‘बदली घ्या, पैसे मिळणार नाहीत’ असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. माल चांगला आहे, पण रंग सासूबाईंना आवडला नाही किंवा माप बसले नाही, हा दुसरा प्रकार. येथे कायद्याची सक्ती नाही. प्रत्येकाने आपली रीत ठरवावी व ती बिलावर छापावी. बिलासह, लेबल न काढलेला, न कातरलेला माल ७ दिवसांत बदलून देणे आणि जुळता माल नसल्यास रकमेची जमा-चिठ्ठी देणे ही रीत बहुतेकांना झेपण्यासारखी आहे. लग्नसराईत ही मुदत १५ दिवसांची करावी, कारण बस्त्याचा माल घरोघर दाखविण्यातच आठवडा जातो. ठाणातून कापलेले कापड बदलून मिळणार नाही हे कातर लावण्यापूर्वी तोंडाने सांगावे; पाटीवर विसंबू नये.

तिसरा प्रकार वापरलेल्या मालाचा. तो नाकारावा, आणि निःसंकोचपणे नाकारावा. पण नाकारण्याचीही एक पद्धत असते. ‘साडी नेसलेली दिसते’ असे चारचौघांत म्हटले म्हणजे त्या बाईंच्या अब्रूचा प्रश्न होतो आणि मग त्या हट्टास पेटतात. साडी पसरून फॉलची शिलाई, निऱ्यांच्या मोडी त्यांना स्वतःला पाहू द्याव्यात आणि ‘फॉल लागल्यावर आम्हांला ही पुढे विकता येत नाही’ एवढेच बोलावे. फॉलवरून आठवले, ते येथेच सांगतो. विणीतील पुष्कळसे दोष साडी फॉल-पिकोला दिल्यावर ध्यानात येतात आणि मग दोष मूळचा की शिवणाऱ्याच्या हातचा, हा वाद काही केल्या मिटत नाही. म्हणून विक्री झाल्यावर घडी बांधण्यापूर्वी साडी पदरापासून शेवटापर्यंत गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवावी. यास तीन मिनिटे लागतात. दिवाळीच्या गर्दीत ती फार वाटतात. पण त्या गर्दीत दाखविण्याचे टाळलेला मालच पुढे परत येतो.

तक्रार घेऊन गिऱ्हाईक दारात उभे राहिले असता पहिल्या अर्ध्या मिनिटात जे बोलले जाते, त्यावर पुढचे सर्व अवलंबून असते. आपल्या दुकानांतून बहुधा ऐकू येणारी वाक्ये अशी : ‘हा माल आमचा नव्हेच’, ‘तुम्ही गरम पाण्यात धुतली असेल’, ‘आजवर कोणाची तक्रार नाही, तुमचीच कशी?’ यांतील प्रत्येक वाक्यात समोरच्या माणसावर खोटेपणाचा आरोप आहे, हे बोलणाऱ्या नोकराच्या ध्यानीही नसते. त्याऐवजी ‘या, बसा काकू, साडी बघू’ एवढे म्हणून पाणी पुढे करावे. कानडी मुलखातले गिऱ्हाईक असेल तर ‘बर्री, कूड्री’ हे दोन शब्द तेच काम करतात. त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, मध्ये तोडू नये. मग माल उजेडात न्यावा. कसा धुतला, हे विचारावयाचे तर ते माहिती म्हणून विचारावे, उलटतपासणी म्हणून नव्हे. आणि निर्णय तेथल्या तेथे द्यावा.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ‘मालक नाहीत, उद्या या’ हे उत्तर नकारापेक्षाही वाईट, कारण नकार ऐकणारा एकदाच हेलपाटा घालतो. ज्या बाई चंदगडाहून बसचे भाडे खर्चून आल्या, त्यांना पुन्हा बोलाविणे म्हणजे साडीच्या दोषात दिवसाची भर घालणे होय. यासाठी दुकानातील एका जुन्या, समजूतदार माणसास ठराविक रकमेपर्यंत निर्णयाचा अधिकार द्यावा. रक्कम ५०० असो, १,००० असो. पण तो अधिकार खरा असावा. त्याने दिलेला निर्णय नंतर मालकाने गिऱ्हाइकादेखत फिरवू नये. पैसे परत करावयाचे ते ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने करावेत. मोबाइलवरून आले असतील तर त्याच खात्यात, आणि मूळ रक्कम आपल्या खात्यात जमा झाली होती हे स्वतःच्या नोंदीवरून पडताळून. गिऱ्हाइकाच्या पडद्यावरील चित्रावर विसंबू नये.

दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीची पत्रे आपण सर्वजण पाठवितो. कित्येक पेढ्या ती गिऱ्हाइकांनाही पाठवितात, ही चाल उत्तमच. मात्र वर्षभरातील ज्या चुकीबद्दल क्षमा मागावयाची, ती चूक सांगावयास आलेल्या माणसास भिंतीवरील पाटीने अडवावे, हे काही जुळत नाही.

तक्रारींचे मूळ शोधू गेल्यास ते पुष्कळदा मालात नसून विक्रीच्या वेळच्या बोलण्यात सापडते. उदाहरणार्थ ‘सिल्क’ हा शब्द. बाजारात पॉलिएस्टरच्या धाग्याचा माल सर्रास या नावाने ओळखला जातो. विकणाऱ्यास ते ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. शुद्ध रेशमाची खूण म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली सिल्क मार्क सुरू झाला. ज्या मालावर तो नाही त्याची पारख करण्याची घरगुती रीत जुन्या मंडळींना माहीत आहे : कडेचा धागा काढून ज्योतीवर धरावा, रेशीम केसासारख्या वासाने जळते व त्याची राख बोटांत चुरडते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. गिऱ्हाईक ही परीक्षा घरी करून येईल तेव्हा आपणांजवळ उत्तर नसेल. म्हणून ‘ही साडी दिसायला रेशमी आहे, धागा पॉलिएस्टरचा आहे, म्हणून या किमतीत मिळते’ असे आधीच सांगावे व बिलावर तसे लिहावे. असे सांगितल्याने विक्री बुडते ही समजूत चुकीची आहे. ज्यांना रोजच्या वापराला साडी हवी असते ते ती घेतातच, आणि ज्यांना रेशीमच हवे असते ते वरच्या फळीवरचा माल दाखवा म्हणतात.

आपल्या आचारशास्त्रात याला नावही आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत मापात कमीजास्त करणे म्हणजे हीनाधिकमानोन्मान, आणि खऱ्याच्या जागी तसाच दिसणारा दुसरा माल खपविणे म्हणजे प्रतिरूपकव्यवहार, हे दोन थेट दुकानदारीचे आहेत. चोरीच्या व्रताखाली त्यांची गणना व्हावी, असत्याच्या नव्हे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. घेणाऱ्याने रेशमाचे म्हणून जे मोजले आणि ज्याच्या बदल्यात त्याला रेशीम मिळाले नाही, ते त्याचे पैसे आपल्या गल्ल्यात राहिलेले असतात. असा माल परत येतो तेव्हा ते पैसे परत करणे हा उपकार ठरत नाही.

मापाचेही तसेच. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली व १९६० च्या दशकात वार कायदेशीर व्यवहारातून गेला. पण आपण अजून नऊवारी व सहावारी म्हणतो. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर, सहा वार म्हणजे सुमारे ५.४९ मीटर. पुष्कळ साड्यांवर ६.३० मीटर असे लिहिलेले असते, त्यात झंपराचा तुकडा धरलेला असतो. तुकडा कापल्यावर साडी आखूड वाटली म्हणून गिऱ्हाईक परत येते, आणि विकताना ‘झंपरासह इतकी, झंपर सोडून इतकी’ हे कोणी सांगितलेले नसते. एका वाक्याने हा सारा तंटा टळतो.

माल परत आला, पैसे दिले, आणि साडी कोपऱ्यातील गठ्ठ्यात टाकली, येथेच बहुतेक दुकानांत गोष्ट संपते. प्रत्येक दुकानात रोकडवहीसारखीच एक तक्रारवही असावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तारीख, बिलाचा क्रमांक, माल कोणता, कोणत्या पेढीकडून आलेला, तक्रार काय, निकाल काय. एवढे रकाने पुरेत. महिन्याच्या अखेरीस पाने चाळली म्हणजे ज्या गोष्टी एरवी दिसत नाहीत त्या दिसू लागतात. एकाच पेढीच्या गडद रंगाच्या तीन साड्या रंग सुटून परत आल्या असतील, तर पुढची मागणी कोणास द्यावी याचे उत्तर मिळाले. एकाच नोकराच्या विक्रीतून ‘सांगितले एक, निघाले एक’ अशा तक्रारी येत असतील, तर त्याला बाजूस घेऊन समजावणे आले. आणि तेच गिऱ्हाईक दर महिन्याला वापरलेला माल घेऊन येत असेल तर तेही वहीत लिहिलेले असते. मग त्या एकट्यास नाही म्हणता येते, सर्वांना पाटी दाखवावी लागत नाही.

जीएसटीत नोंदलेल्या दुकानदारांनी परतीचा व्यवहार केवळ गल्ल्यातून पैसे काढून मिटवू नये. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट काढून त्यात मूळ बिलाचा क्रमांक नमूद करावा, म्हणजे भरलेला कर वजा मिळतो. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी येईल तोवर, ती विवरणपत्रात दाखवावी लागते. हे न केल्यास साडीही परत, पैसेही परत, आणि तिचा कर मात्र आपल्या अंगावर, अशी स्थिती होते. तोच माल आपण घाऊक व्यापाऱ्यास परत केला तर क्रेडिट नोट त्याने काढावयाची असते आणि आपण घेतलेली कराची वजावट त्या प्रमाणात कमी करावयाची असते.

घाऊक व्यापाऱ्याकडील दावा मात्र चिकाटीचे काम आहे. इचलकरंजी असो की सुरत, ‘माल आमचाच कशावरून?’ हा प्रश्न तेथूनही येतोच. आपण गिऱ्हाइकाला विचारू नये म्हणतो तो आपल्याला विचारला जातो. त्यासाठी आलेल्या मालाच्या गाठीवरील क्रमांक बिलावर टिपून ठेवावा, दोषाचे छायाचित्र त्याच दिवशी पाठवावे, आणि ठाणाच्या टोकास लावलेली पेढीची चिठ्ठी शेवटचा मीटर विकला जाईपर्यंत काढू नये. कापणे नेहमी दुसऱ्या टोकाकडून सुरू करावे.